मूत्रपिंडाचा विकार आणि स्नायूंची झीज

मूत्रपिंडाचा जुना विकार म्हटला कीं पावलांवरील सूज आणि डोळ्यांखालचा फुगीरपणा एवढींच लक्षणें लोकांच्या ध्यानांत येतात. परंतु ह्या सुजेच्या आड दुसरी एक हानि मुकाट्यानें चाललेली असते. ती म्हणजे स्नायूंची झीज. वजनाच्या कांट्यावर ती पुष्कळदां दिसतहि नाहीं, कारण अंगांत सांठलेलें पाणी गेलेल्या मांसाची तूट भरून काढतें. पंचवटींतील घाटाच्या पायऱ्या जो गृहस्थ सहज चढून येत असे, त्याला घरचा उंबरठा ओलांडतांना हात द्यावा लागतो, तेव्हां कोठें घरच्यांना शंका येते.

ही झीज समजण्यासाठीं निरोगी शरीराचा व्यवहार आधीं पाहिला पाहिजे. रुडॉल्फ शोनहाइमर ह्या जर्मन शास्त्रज्ञानें अमेरिकेंत १९३० नंतरच्या दशकांत उंदरांना जड नत्राची खूण केलेलीं अन्नद्रव्यें चारलीं. थोड्याच दिवसांत ती खूण त्यांच्या शरीरांतील प्रथिनांत सांपडली. शरीर म्हणजे एकदां बांधून झालेली इमारत नव्हे, हें त्यावरून ठरलें. गोदावरीचें पाणी रामकुंडांत एकीकडून येतें, दुसरीकडून जातें, आणि पातळी मात्र तीच दिसते. तसाच हा प्रकार आहे. प्रौढ मनुष्याच्या देहांत रोज सुमारें २५० ते ३०० ग्रॅम प्रथिनें मोडतात व जवळ जवळ तितकींच नवीं घडतात. जमेपेक्षां खर्च रोज थोडासा जरी वाढला, तरी वर्षाअखेर दंड आणि मांड्या बारीक झालेल्या दिसतात.

मूत्रपिंडें दुबळीं झालीं म्हणजे हा खर्च कां वाढतो? रोजच्या अन्नापासून उत्पन्न होणारें आम्ल बाहेर टाकणें हें त्यांचें एक मुख्य काम. तें नीट होईनासें झालें कीं रक्तांत आम्ल सांठतें, आणि आम्लाच्या ह्या चिथावणीनें स्नायूंतील प्रथिनें मोडण्याची यंत्रणा जोरानें चालूं लागते. जें प्रथिन मोडावयाचें त्यावर यूबिक्विटिन नांवाच्या एका लहान प्रथिनाचा शिक्का बसतो. ह्या शोधाबद्दल चिकानोव्हर, हर्शको व रोझ ह्या तिघांना २००४ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांतच इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो, शरीरांत दाह धुमसत राहतो आणि भूक मरते. म्हणजे मोड वाढते व जोड घटते. आम्लाची चिथावणी ओळखल्यामुळें वैद्य रक्तांतील बायकार्बोनेट तपासतात आणि तें कमी आढळल्यास औषधरूपानें देतात. मात्र त्यांत सोडियम असल्यामुळें घरच्या घरीं सोडा खाण्याचा प्रयोग कोणीं करूं नये.

आतां पथ्याचा प्रश्न. प्रथिनांच्या मोडींतून यूरिया निघतो, आणि तो मूत्रपिंडांवाटेच जावयाचा. म्हणून इटलींत १९६३-६४ च्या सुमारास जॉर्दानो व जोव्हानेत्ती यांनीं अल्प परंतु उत्तम प्रथिनांचा आहार सुचविला. ह्या पथ्यांतील "उत्तम" हा शब्द आमच्याकडे विसरला जातो. डाळ बंद, दूध बंद, आणि मग साबुदाणा व पातळ पेज यांवर रुग्णाला ठेवलें जातें. पोटांत पुरेसे उष्मांक गेले नाहींत, तर शरीर स्वतःचेंच मांस जाळून निर्वाह करतें आणि त्यापासून यूरिया निर्माण होतोच! ६० किलो वजनाच्या, डायालिसिस न घेणाऱ्या व मधुमेह नसलेल्या रुग्णास वैद्याच्या देखरेखीखालीं सुमारें ३३ ते ३६ ग्रॅम प्रथिनें देतात. पण त्याबरोबर १५०० ते २१०० उष्मांकहि मिळालेच पाहिजेत.

डायालिसिस सुरू झाला कीं हिशेब उलटतो. यंत्र यूरियाबरोबर प्रथिनांचे घटकहि धुऊन नेतें. एका वेळीं सहा ते आठ ग्रॅम ॲमिनो आम्लें जातात. म्हणून त्याच ६० किलोच्या मनुष्यास आतां ६० ते ७२ ग्रॅम प्रथिनें लागतात. जुनें पथ्य तसेंच चालू ठेवणारा रुग्ण यंत्रावर बसूनहि उपाशी राहतो. यंत्राचा आधार केवढा असतो, ह्याचें ठळक उदाहरण जयप्रकाश नारायण यांचें. १९७५ सालीं त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. मुंबईच्या जसलोक रुग्णालयांत उपचार सुरू झाले आणि ८ ऑक्टोबर १९७९ रोजीं पाटण्यास निधन होईपर्यंत ते डायालिसिसवर होते. ह्याच अवस्थेंत १९७७ च्या निवडणुकीच्या प्रचारांत त्यांनीं भाग घेतला.

एक फसवणूक मात्र लक्षांत ठेवण्याजोगी आहे. रक्तांतील क्रिएटिनिन हें स्नायूंपासून उत्पन्न होतें. स्नायूच झिजले तर तें कमी दिसतें, आणि घरचे लोक "आंकडा उतरला" म्हणून पेढे वांटतात; प्रत्यक्षांत रोग हटलेला नसतो, रोगी खंगलेला असतो. म्हणून कागदावरील आंकड्याबरोबर दंडाचा घेर, मुठीची पकड आणि चालण्याचा वेग ह्यांकडेहि पाहावें. वैद्याच्या संमतीनें थोडा व्यायाम करावा. अल्प प्रथिनांच्या आहारांतहि वजनें उचलण्याच्या व्यायामानें स्नायु सुधारतात, असें २००१ सालीं अमेरिकेंतील एका प्रयोगांत दिसून आलें. आणि काय वर्ज्य करावें हें वैद्याला विचारतांना, काय व किती खावें हेंहि न विसरतां विचारावें. निम्मा उपचार त्या दुसऱ्या प्रश्नांत आहे.