विद्येने घरोघर जावे
(नाशिक जिल्ह्यातील एका गावी सावित्रीबाई फुले जयंतीच्या सभेत झालेले भाषण)



विद्या घेण्यासाठी मुलाने शाळेत जावे, हे आता आपणांस कोणी सांगावयास नको. आज आम्हांस त्याच्या उलट बाजूने बोलावयाचे आहे. विद्येनेही आपले पाय झिजवून घरोघर जावे. आणि ज्या घरात तान्हे मूल आहे त्या घरी सर्वांआधी जावे.

आपल्या बाळंतिणीच्या घरी आजवर कोण येत आले? पंचांगवाला आला, नावाचे अक्षर काढून दक्षिणा घेऊन गेला. पाचवीच्या रात्री सटवाई कपाळी नशीब लिहिते, म्हणून कोरा कागद व लेखणी मांडली गेली. लेखणी मांडणारे घर निरक्षर, आणि लिहिणारी कोणी पाहिलेली नाही! मूल दगावले की ‘लिहिलेलेच होते’ म्हणून आपण कपाळाला हात लावून बसलो. बंधूंनो, मूल सटवाईच्या लेखाने जात नाही. ते थंडीने जाते, जंतूंनी जाते, कमी वजनाने जाते, आणि धोका वेळेवर न ओळखल्याने जाते.

याला पुरावा काय, असे कोणी विचारील. विचारलेच पाहिजे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावच्याच थोड्या शिकलेल्या बायांना तान्ह्या बाळाची निगा शिकविली. त्या घरी जात, बाळ तोलीत, त्याला ऊब देत, श्वास मोजीत, जंतूंची बाधा ओळखून औषध देत. जन्मल्यापासून पहिल्या महिन्यात दर हजारी ६२ बालके जात होती, ती काही वर्षांतच सुमारे २५ वर आली. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या जगविख्यात वैद्यकीय पत्राने ही हकीकत छापली. गावे तीच, दारिद्र्य तेच, सटवाईही तीच; फरक इतकाच की जाणते माणूस वेळेवर दारी आले. २०११ पासून सरकारने देशभर हे काम आशाताईंकडे दिले. बाळंतपण दवाखान्यात झाले तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिने घरी यावयाचे असते. हे दिवस तिथीपेक्षा नीट लक्षात ठेवा.

आता आशाताईंच्या जोडीला विद्यार्थीही येऊ लागले आहेत. सेवाग्रामला १९६९ साली निघालेल्या वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी खेड्यात मुक्काम करतात व ठराविक कुटुंबांशी नाते जोडतात. २०२२ साली राष्ट्रीय वैद्यक आयोगाने देशातील सर्वच वैद्यक विद्यार्थ्यांना लागू होईल असा क्रम घालून दिला, की शिकत असतानाच प्रत्येकाने खेड्यातील काही कुटुंबे दत्तक घ्यावी. परिचारिकेचे व समाजकार्याचे शिक्षण घेणारी मुलेही शिक्षणाचा भाग म्हणून वस्त्यांत फिरतात. या महाराष्ट्राचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच नाशकात आहे. बहुजनांच्या पोरांनी शिकावे म्हणून १९१४ साली सत्यशोधकी विचारांच्या मंडळींनी उभारलेल्या मराठा विद्या प्रसारक समाजाचे वैद्यकीय महाविद्यालय आडगावला आहे आणि समाजकार्याचे महाविद्यालयही नाशकातच आहे. म्हणजे दारी येणारा विद्यार्थी उद्या तुमचाच पुतण्या, तुमचीच भाची असेल.

म्हणूनच आम्ही त्याला दोन शब्द स्पष्ट सांगतो. बाबा रे, तू नवा भटजी होऊन येऊ नकोस. वही भरली, गुण मिळाले, पुन्हा तोंड दाखविले नाही, असे झाले तर पंचांगवाल्यात आणि तुझ्यात अंतर काय राहिले? आमची घरे म्हणजे तुझ्या परीक्षेची पाटी नव्हे. खाली बसून आईशी बोल. घरच्या कर्त्या पुरुषाला विचारून निघून जाऊ नकोस. चूल, पाणी, रोजंदारी पाहा, मग सल्ला दे. तू अजून डॉक्टर नाहीस. तेव्हा धोका दिसला तर आपल्या गुरुजनांस, आशाताईंस व आरोग्य केंद्रास तत्काळ कळव. न विचारता बाळाचे छायाचित्र काढू नकोस. सांगितलेल्या दिवशी पुन्हा ये, आणि तुझी पाळी संपली तर पुढे कोण येणार ते सांगून जा.

आणखी एक. सडकेकाठची पक्की घरे पाहून परत फिरू नकोस. पेठ-सुरगाण्याकडून द्राक्षबागांत मजुरीला आलेल्या कुटुंबांची तान्ही मुले बागेच्या बांधावर झोळीत असतात. त्यांचे नाव गावच्या यादीत नसते. ज्या विद्येला ती झोळी दिसत नाही, ती विद्या आंधळी होय.

आता घरच्या मंडळींना. विद्यार्थी आला म्हणून सुनेला आत पिटाळू नका. सासूबाईंनीही शेजारी बसून ऐकावे. बाळाचे वजन किती, अडीच किलोच्या वर आहे की नाही, हे विचारा व कार्डावर लिहून घ्या. पहिले सहा महिने आईचे दूधच. वरचे पाणी, मध, घुटी काही नको. सहा महिने भरताच अंगावरच्या दुधाबरोबर नागलीची दाट पेज, वरणात कुस्करलेली भाकरी, घरात चालत असेल तर अंडे सुरू करा. बाळ दूध ओढीनासे झाले, अंग गार किंवा तापलेले लागले, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, झटके आले, तर अंगारा-धुपारा करीत रात्र काढू नका. तडक दवाखाना गाठा. विद्यार्थ्याला चहा दिला नाही तरी चालेल. दक्षिणा द्यावयाचीच असेल तर प्रश्नांची द्या.

ज्या माउलीच्या नावाने आपण आज जमलो, तिने विद्या शाळेच्या भिंतीत कोंडून ठेविली नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी आजारी मूल पाठीवर घालून डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात नेले, आणि त्याच साथीत १० मार्च रोजी त्यांनी देह ठेविला. आपल्याला कोणी एवढा त्याग मागत नाही.

तेव्हा आमची सूचना एवढीच. सभा उठण्यापूर्वी दोन वर्षांखालील मूल असलेल्या प्रत्येक घराची यादी करावी; त्यात बागेवरच्या झोपड्या, भट्टीवरची पाले आणि मळ्यातील एकटी घरे आधी लिहावी. ती आशाताईंजवळ द्यावी, आणि येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती ठेवून विचारावे, ‘यांतली किती घरे पाहिलीस?’ नशिबाचा कोरा कागद आपण फार दिवस मांडला. आता ही भरलेली यादी मांडू या.