महिला ग्रामसभा : उपचार नव्हे, अधिकार



महाराष्ट्राने १९९० मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांत स्त्रियांसाठी ३० टक्के जागा राखून ठेवल्या. २४ एप्रिल १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती अंमलात आली आणि पंचायतींत हे प्रमाण किमान एक तृतीयांश झाले. २०११ मध्ये राज्याने ते ५० टक्क्यांवर नेले. खुर्चीचा प्रश्न कायद्याने सोडविला. प्रश्न उरला आहे तो आवाजाचा.

सरपंचपदी पत्नी निवडून येते. परंतु कागदपत्रे वाचतो पती आणि सभेत बोलतोही तोच, हे दृश्य अद्यापि अनेक गावांत आढळते. स्वाक्षरी तेवढी तिची. हिशेबात काही गैर निघाले, तर जबाबदारी मात्र तिच्याच माथी येते.

यावरील एक उपाय कायद्यातच आहे. नियमित ग्रामसभेपूर्वी गावातील स्त्रियांची स्वतंत्र सभा भरविणे आवश्यक आहे. पिण्याचे पाणी, शाळेतील मुलींचे स्वच्छतागृह, स्वस्त धान्य, दारूबंदी हे विषय तेथे मोकळेपणाने निघतात. मात्र ही सभा नोंदवहीपुरती उरकली, तर कायद्याचा हेतूच विफल होतो.

म्हणून ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी शेतीच्या कामाची वेळ टाळून सभा बोलवावी व तिचे ठराव ग्रामसभेत वाचून दाखवावेत. शिक्षकांनी नवनिर्वाचित सदस्यांना अंदाजपत्रक समजावून द्यावे. पुरुष सदस्यांनी ऐकण्याची सवय लावून घ्यावी. सरपंचाने स्वतः वाचून केलेली स्वाक्षरी हीच लोकशाहीची खरी मोहोर होय.