मान वळते, नजर नाही



मागच्या रांगेत कुणाला वाटलं असेल, हा माणूस खिडकीकडे बघून का बोलतोय? मी तुमच्याकडेच बघतोय. माझी मान डावीकडे ओढली गेली आहे, एवढंच.

या आजाराला सर्व्हायकल डिस्टोनिया म्हणतात. मानेचे स्नायू आपोआप आखडतात. दोष मानेत नसतो, स्नायूंना हुकूम देणाऱ्या मेंदूच्या यंत्रणेत असतो.

सुरुवातीला घरात कुणी नजर लागली म्हणालं, कुणी बाहेरची बाधा. अम्मीने ताईत बांधला. वर्ष गेलं. हनुवटीला बोट लावलं की मान थोडी सरळ व्हायची, म्हणून शेजारी म्हणाले, नाटक करतो. पुढे न्यूरॉलॉजिस्टने सांगितलं, हीच तर या आजाराची खूण! नोकरीच्या मुलाखतीत साहेब म्हणाले, "समोर बघून बोला." मी समोरच बघत होतो. ती नोकरी मिळाली नाही.

मग मी डोळ्यांविषयी वाचू लागलो. बाजूला काही दिसलं की आधी डोळे झेप घेतात, डोकं मागून येतं. आणि डोकं डावीकडे वळलं की आतल्या कानाचा इशारा मिळून साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागात डोळे तेवढेच उजवीकडे सरकतात. म्हणून चालताना दुकानांच्या पाट्या हलत नाहीत. माझं डोकं कायम डावीकडे, म्हणून समोर बघायला डोळे सतत उजव्या कोपऱ्यात धरावे लागतात. संध्याकाळी ते थकतात.

मेंदूत काहाल केंद्रक नावाची छोटी जागा आहे. वर-खाली बघताना नजर टिकवून धरणं हे तिचं काम. 2002 मध्ये माकडांवर प्रयोग झाला. ही जागा तात्पुरती बंद केली, तर डोकंही जागेवर टिकेना. म्हणजे डोळे आणि मान यांचा कारभार मेंदूत शेजारी-शेजारी चालतो.

मला बोट्युलिनम टॉक्सिनची इंजेक्शनं मिळतात. अमेरिकेत या आजारासाठी त्यांना 2000 मध्ये मान्यता मिळाली. आजार जात नाही, पण सुमारे तीन महिने मान सैल राहते.

तुमच्या मोहल्ल्यात कुणाची मान अशी वळत असेल, तर त्याला न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. वर्ष घालवू नका. आणि त्याच्याशी बोलताना मानेकडे नको, डोळ्यांकडे बघा. तो तुमच्याकडेच बघत असेल.