गाडी वर चढवण्याआधी पायाखालची जमीन बघा

(या भागाची ही लेखी आवृत्ती. बोलण्यातले अडखळे काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय सुचला तो गेल्या काही दिवसांत आलेल्या मेसेजमुळे. "दादा, घराशेजारी शेड आहे, टू-पोस्ट लिफ्ट बसवायची आहे, काय काय बघू?" असं तीन-चार जणांनी विचारलं. कुणी गॅरेज चालवतं, कुणाला फक्त स्वतःच्या गाडीवर हात चालवायचाय. आमच्या घरी हे सगळं होऊन गेलंय. म्हणून चुकांसकट सांगतो.

आमचं गॅरेज सांगलीजवळ. पुढं गॅरेज, मागं घर. अण्णा, म्हणजे माझे वडील, तीस वर्षं गाडीखाली पाठीवर झोपून काम करतायत. खाली पोतं अंथरायचं, गाडीला जॅक लावायचा आणि आत सरकायचं. गेल्या पावसाळ्यात एका व्हॅनचा गिअरबॉक्स उतरवत होते. सतरा नंबरचा पाना आणायला बाहेर आले आणि तेवढ्यात जॅक कलला. गाडी खाली बसली ती थेट स्टेपनीवर, कारण अण्णांना सवय आहे, काढलेलं चाक नेहमी गाडीखाली आडवं टाकायचं. ते चाक नसतं आणि अण्णा आत असते तर... जाऊ दे. त्या रात्री कुणी नीट जेवलं नाही. आई एवढंच म्हणाली, "आता काहीतरी करा."

अण्णांचं पहिलं उत्तर होतं, खड्डा काढू. जुन्या गॅरेजमध्ये असतो तसा पिट. स्वस्त पडतो हे खरं. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली उतरून खड्ड्यात साठते. एलपीजीचंही तेच. आत दिवा, ग्राइंडर, एखादी ठिणगी, एवढं पुरतं. दुसरं म्हणजे पाणी. आमच्याकडं २०१९ आणि २०२१ ला कृष्णेनं काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय. जमिनीत खड्डा म्हणजे पावसाळ्यात हौद. तेव्हा पिट बाद झाला आणि लिफ्ट ठरली.

आता लिफ्ट म्हटलं की सगळे पहिल्यांदा टनाचा विचार करतात. तीन टनी का चार टनी? तो विचार करायचाच. इनोव्हासारखी गाडी पावणेदोन-दोन टनांच्या आसपास जाते, त्यामुळं चार टनी घेतली तर हात मोकळा राहतो. पण त्याच्याही आधी टेप घ्या आणि छत मोजा. लिफ्ट गाडीला साधारण १.८ ते १.९ मीटर उचलते. त्यावर गाडीची स्वतःची उंची. हॅचबॅक दीड मीटर, मोठी गाडी १.८ मीटर. म्हणजे बेरीज जाते ३.७ मीटरवर, १२ फुटांच्या वर. घराच्या पार्किंगचा स्लॅब बहुतेक ठिकाणी १० फुटांच्या आसपास असतो. तिथं लिफ्ट बसेल, पण गाडी पूर्ण वर जाणार नाही आणि तुम्ही आयुष्यभर मान वाकवून काम कराल.

आमच्या शेडचा पत्रा कडेला ११ फूट आणि मध्यावर १४. त्यामुळं लिफ्ट मधोमधच घ्यावी लागली. प्रकारही दोन असतात. एकात दोन्ही खांब वरून आडव्या बीमनं जोडलेले असतात, खाली जमीन मोकळी राहते, पण उंची जास्त लागते. दुसऱ्यात तारा आणि पाइप खालून, जमिनीवरच्या पत्र्याच्या आवरणातून जातात. खांब बुटके असतात, फक्त मध्ये तो उंचवटा येतो आणि ट्रॉली सरकवताना दर वेळी अडते. आम्ही दुसरा घेतला. लाख-दीड लाखाच्या घरातली वस्तू आहे, घाईनं निवडू नका.

आता मुख्य मुद्दा. लिफ्टचा फिटर आला, ड्रिल मशीन काढलं, खाली बघून म्हणाला, "कोबा मजबूत दिसतोय, संध्याकाळपर्यंत लावून देतो." अण्णाही खूश. तीस वर्षं त्याच कोब्यावर गाड्या उभ्या राहिल्यात, ट्रकसुद्धा येऊन गेलेत, त्याला काय होतंय?

माझी ताई सिव्हिल साइटवर काम करते. मी तिला कौतुकानं फोटो पाठवला, तर तिचा लगेच फोन आला. "कोबा किती जाडीचा आहे?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग आधी कडेला एक भोक पाडून बघा. खांब उभा करू नका."

इथं थांबून हिशेब करू, कारण मलाही तेव्हाच समजलं. उभी गाडी जमिनीला फक्त दाबते. चार चाकांवर वजन वाटलं जातं, कोबा ते सहन करतो. लिफ्टचं तसं नाही. गाडी खांबावर नसते, खांबापासून पुढं आलेल्या हातांवर असते. दोन टनांची गाडी धरा. एका खांबाच्या वाट्याला एक टन, आणि ते वजन खांबापासून साधारण ७० सेंटिमीटर लांब टांगलेलं. म्हणजे खांब आतल्या बाजूला झुकायला बघतो आणि बेसप्लेटचे बाहेरचे बोल्ट जमिनीतून उपटले जायला बघतात. प्लेटचा आधार ३५-४० सेंटिमीटरचा धरला, तर त्या बोल्टांवर मिळून पावणेदोन-दोन टनांची ओढ येते. वरच्या दिशेनं! कोब्यावर तीस वर्षं ट्रक उभे राहिले, पण त्याला वर कुणी कधी ओढलंच नव्हतं.

भोक पाडलं. अडीच इंचांवर ड्रिल भसकन आत गेलं. वर अडीच इंच काँक्रीट, खाली भुसभुशीत मुरूम, आणि त्याच्याखाली आपली काळी माती. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. कोब्याला कोपऱ्यात ज्या भेगा होत्या, त्या का होत्या तेही तेव्हा कळलं.

फिटर म्हणाला, "लांब बोल्ट मारू, होऊन जाईल." मंडळी, हे वाक्य ऐकलं की सावध व्हा. अँकर बोल्टचं टोक भोकात फुलतं आणि काँक्रीटला आतून पकडतं. मुरमात गेलेला बोल्ट कितीही लांब असला तरी पकडणार कशाला? अण्णा चिडले होते. फिटरचा दिवस वाया, टेम्पोचं भाडं वाया, आणि मुलं मोठी झाली म्हणून शिकवायला लागली, हेही असणारच. पण ते त्या भोकात बोट घालून थोडा वेळ बसले, बोटाला लागलेला मुरूम बघितला आणि फिटरला म्हणाले, "पुढच्या महिन्यात या."

मग काम असं केलं. दोन्ही खांब एकाच स्लॅबवर येतील असा १४ बाय ६ फुटांचा तुकडा तोडला. काळी माती काढली, मुरूम भरून धुमसून घेतला, सोलिंग केलं. त्यावर ८ इंच जाडीचं एम-२५ काँक्रीट, खाली-वर सळईची जाळी. एम-२५ म्हणजे त्या काँक्रीटचा १५ सेंटिमीटरचा ठोकळा २८ दिवसांनी दाबला तर दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन सोसायला हवा. बहुतेक लिफ्टच्या पुस्तिकेत किमान चार इंचांच्या आसपास जाडी लिहिलेली असते. आमची जमीन काळी म्हणून ताईनं ८ सांगितली. तुमच्या लिफ्टची पुस्तिका काय म्हणते ते वाचा आणि जमीन ओळखीच्या इंजिनिअरला दाखवा.

सगळ्यात अवघड काम कुठलं? थांबणं! स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवलं, नंतर ओली पोती टाकली, आणि २८ दिवस हात लावला नाही. वर दिसायला ते आठव्या दिवशीच दगडासारखं झालं होतं. लिफ्ट कोपऱ्यात पडून, गिऱ्हाइकं विचारतायत, अण्णा रोज सकाळी पायानं ठोकून बघतायत, "झालंय की रे हे." नव्हतं झालं.

बसवतानाच्या तीन गोष्टी सांगतो. एक, ड्रिल झाल्यावर भोकातली धूळ हवा मारून पूर्ण काढा, धूळ राहिली तर बोल्टची पकड जाते. दोन, खांब ओळंब्यात हवा, गरज पडली तर प्लेटखाली स्टीलच्याच पट्ट्या, लाकडाचा तुकडा नाही. तीन, नट टॉर्क पान्यानं पुस्तिकेतल्या आकड्यापर्यंत आवळा आणि काही दिवसांनी परत तपासा. नट फिरतच राहिला, आवळतच नसेल, तर तो बोल्ट पकडतच नाहीये. लिफ्ट वापरू नका.

वीज. थ्री फेजची मोटर असेल आणि ती फिरतेय पण गाडी उचलत नाही, तर घाबरू नका, बहुतेक वेळा दोन फेज उलटसुलट जोडलेले असतात. वायरमनकडून बदलून घ्या. आणि गॅरेज धंदा म्हणून चालवत असाल तर घरगुती मीटरवरून लिफ्ट चालवू नका.

आता रोजचा वापर. पॅड कुठं लावायचे ते गाडीच्या पुस्तिकेत असतं. बोलेरोसारख्या चॅसिसच्या गाडीला चॅसिसखाली, छोट्या गाडीला सिलच्या ठरलेल्या जागी. वीतभर उचला, थांबा, बंपर धरून गाडी हलवून बघा. मगच वर. वर गेल्यावर दोन्ही खांबांत लॉकची टक-टक सारखी ऐकू यायला हवी, आणि मग गाडी थोडी खाली घेऊन लॉकवर टेकवा. हायड्रोलिकच्या दाबावर लटकलेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. सील कधी फाटेल ते सील सांगत नाही. इंजिन किंवा गिअरबॉक्स उतरवणार असाल तर गाडीचा तोल बदलतो, तेव्हा उंच स्टँड लावा.

आणि एक गोष्ट आम्हाला कुणीच सांगितली नव्हती. लॉक सोडवायला गाडी आधी बोटभर वर उचलावी लागते. म्हणजे लाइट गेली की लॉकवर टेकलेली गाडी वरच! पहिल्याच आठवड्यात एका शिक्षकांची गाडी चार तास वर राहिली आणि ते आमच्या ओट्यावर चहा पीत बसले. आता लाइट जायच्या वेळा बघूनच घाईच्या गिऱ्हाइकाची गाडी वर घेतो.

पहिल्यांदा गाडी वर गेली तेव्हा अण्णा खाली जायला तयार नव्हते. बाजूनं दोन चकरा मारल्या, बोल्ट बघितले, स्लॅबवर कुठं चीर आली का ते वाकून बघितलं. मग आत गेले. आधी सवयीनं वाकले, मग लक्षात आलं आणि सरळ उभे राहिले. काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "सतरा नंबर दे."

एक सांगायचं राहिलं. स्टेपनी अजूनही गाडीखाली टाकतात. मी एकदा म्हटलं, अण्णा, आता कशाला? तर म्हणाले, "तुझी लिफ्ट तिचं काम करू दे, हे माझं."

तुम्ही बसवणार असाल तर विकत घेण्याआधी एक भोक पाडा आणि किती इंचांवर मुरूम लागला ते मला कळवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.