रूप आणि प्रकृती : नित्याच्या काही सवयी

(वर्धापनदिनाच्या सभेत दिलेले भाषण)



"रूप आणि प्रकृती कशी राखावी" हा विषय आपणच सुचविलात. तो ऐकून काही जणी गालातल्या गालात हसल्या असतील. "आता या वयात कसले रूप!" असेही कोणी मनात म्हणाले असेल. पण आपण चांगले दिसावे असे वाटण्यात लाजण्यासारखे काहीच नाही. दारापुढे सडा घालून रांगोळी काढणारी, पितळेची भांडी लख्ख घासणारी गृहिणी स्वतःवर वेळ आली की "माझे काय, चालते" म्हणते, याचेच मला नवल वाटते.

या विषयाचा आरंभ बाजारातल्या डब्याबाटल्यांपासून करावा असे मला वाटत नाही. आपण तो स्वयंपाकघरापासूनच करू. चेहरा फिकट दिसतो, केस मूठमूठ गळतात, नखे ठिसूळ होतात, दोन जिने चढले की धाप लागते. अशा बाईने पावडर लावून काय साधणार? तिच्या अंगात रक्तच कमी असण्याचा संभव असतो. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ जणींच्या अंगात रक्ताचे प्रमाण कमी आढळले. म्हणजे निम्म्याहून अधिक! घरातली सून दुपारी जरा आडवी झाली की आपण तिला आळशी म्हणून मोकळ्या होतो. ती आळशी आहे की अशक्त, हे आधी पाहायला नको का?

मासिक पाळी आणि बाळंतपणे यांमुळे स्त्रीला लोह अधिक लागते. आपल्याकडील आहारतज्ज्ञांनी २०२० साली जी प्रमाणे ठरविली, त्यांत पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे, तर स्त्रीला २९. आणि आपल्या घरांतून घडते काय? सगळ्यांची पाने उठल्यावर ती बसते. पातेल्याच्या तळाशी उरलेली भाजी, कालची शिळी पोळी आणि घोटभर ताक, एवढे तिच्या वाट्याला येते. जिला अधिक हवे तिलाच कमी! म्हणून माझी पहिली सूचना अशी की, निदान रात्रीचे जेवण सर्वांनी एकत्र बसून घ्यावे, आणि भाजी, उसळ, वरण यांची वाटणी सुरुवातीलाच सारखी करावी. सासूबाईंनी मनावर घेतले, तर ही रीत आठ दिवसांत घरात रुळेल.

ताटात महागड्या वस्तू हव्यात असेही नाही. मोड आलेली मटकी, मूग, हरभरे, पालेभाजी, बाजरीची भाकरी, तीळ हे सर्व आपलेच आहे. जी मंडळी खातात त्यांनी मासे, अंडी, मटण अवश्य खावे. अळिवाचे लाडू केवळ बाळंतिणीसाठीच असतात असे थोडेच आहे? पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली रीत फार शहाणपणाची आहे, कारण लिंबू, आवळा, पेरू यांच्या आंबटपणाबरोबर येणाऱ्या क जीवनसत्त्वामुळे अन्नातले लोह अंगी अधिक लागते. उलट जेवणाबरोबर किंवा जेवल्याजेवल्या घेतलेला चहा ते लोह अंगी लागू देत नाही. चहा सोडा असे मी म्हणणार नाही, नाहीतर माझे भाषण येथेच बंद पाडाल! पण जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा.

रक्त तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ही सोय असते. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असले, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहा-दुधाबरोबर घेऊ नयेत. शौचाचा रंग काळसर झाला म्हणून घाबरून त्या बंदही करू नयेत.

आता त्वचेविषयी. येथे मला जरा स्पष्ट बोलायचे आहे. मुलगी लग्नाची झाली की "रंग जरा उजळ असता तर" हे वाक्य पहिल्यांदा आपणच बायका उच्चारतो, आणि मग ती बिचारी औषधाच्या दुकानातून कुणीतरी सांगितलेली ट्यूब आणते. यांतल्या कित्येक मलमांत स्टेरॉइड असते. ती डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम २०१८ साली सरकारने केला, तरी मैत्रिणीमैत्रिणींत त्यांची देवघेव चालतेच. पहिले काही आठवडे चेहरा उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ पडते, मुरुमे उठतात, ओठांवर-हनुवटीवर लव वाढते आणि मलम थांबवले की चेहऱ्याची आग होते. ज्या मुलीला हे झाले असेल तिला रागावू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. सावळा रंग हा रोग नव्हे, त्याला औषध कशाला? त्वचेला हवे ते साधे आहे: सौम्य साबण, स्नानानंतर थोडे तेल किंवा मलई, आणि उन्हात जाताना छत्री किंवा डोक्यावरून पदर. गालांवर वांग असेल तर ऊन विशेष टाळावे, कारण उन्हाने ते गडद होतात.

टिकलीचेही सांगते. काही टिकल्यांच्या गोंदातील रसायनाने कपाळावर खाज येते, कुणाकुणाला पांढरा डागही पडतो. तसे दिसताच त्या टिकल्या वापरणे बंद करावे आणि डॉक्टरांना दाखवावे. रात्री निजताना टिकली काढून कपाळ धुण्याची सवय प्रत्येकीने लावून घ्यावी.

दात हे हसऱ्या चेहऱ्याचे भूषण आहे. सकाळी आणि निजण्यापूर्वी असे दोनदा ते घासावेत. आपल्या भागात काही जणी मशेरी लावतात आणि तिला दंतमंजन समजतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने हिरड्या बिघडतात, तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, आणि गरोदरपणी बाळाचे वजनही कमी भरते. एकदम सुटत नसेल तर आरोग्य केंद्रात मदत मागा, पण ती सोडाच.

आणखी एक गोष्ट आपण कोणी मोकळेपणी बोलत नाही. बाहेर स्वच्छतागृह मिळणार नाही या धास्तीने कित्येक भगिनी दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि लघवी तुंबवून ठेवतात. त्यातून मूत्रमार्गाचा दाह, ताप, डोकेदुखी मागे लागते. मुलींना हे संकोच न करता सांगा. बाजारपेठेत स्त्रियांसाठी स्वच्छ मुतारी असावी, म्हणून मंडळाने नगरपालिकेकडे अर्ज करण्यासही हरकत नाही.

घरकामात हालचाल होते हे खरे, तरीही आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास झपझप चालावे. हाडे, गुडघे आणि मन या तिन्हींना त्याचा लाभ होतो. झोप सात तास तरी हवी. चाळिशीनंतर सुईत दोरा ओवता येईनासा झाला तर कपाळाला आठ्या घालीत बसू नये, चष्मा करून घ्यावा.

मैत्रिणींनो, यांतले एकही काम पैशावाचून अडणारे नाही. अडते ते "आधी सगळ्यांचे होऊ दे" या आपल्या सवयीपाशी. म्हणून मंडळाला माझी एक विनंती आहे. या वर्षी हळदीकुंकवाच्या दिवशी रक्ततपासणी ठेवा, प्रत्येकीचा आकडा तिच्या वहीत लिहून द्या, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. ज्यांचा कमी निघेल त्यांची विचारपूस शेजारणींनी करावी. पुढील वर्धापनदिनी कोणाची साडी भारी यापेक्षा कोणाचे रक्त किती वाढले, याची चर्चा या सभागृहात ऐकू आली, तर मला अतिशय आनंद होईल.