मोटार धुण्यासाठी निर्धोक साबण

घरच्या मोटारीला कोणता साबण लावावा, हा प्रश्न वरवर पाहता व्याख्यानाचा विषय होण्याइतका मोठा वाटत नाही. घरात कपड्यांची पावडर असते, भांड्यांची वडी असते, अंगाचा साबण असतो. त्यांपैकी हाताला लागेल ते बादलीत टाकावे आणि फडका फिरवावा, अशी बहुतेकांची रीत असते. गाडी तेवढ्यापुरती चकचकीत दिसतेही. नुकसान दिसू लागते ते वर्षा-दोन वर्षांनी, आणि तोपर्यंत त्याचा संबंध साबणाशी जोडण्याचे कोणाला सुचत नाही. उन्हाला किंवा रंगाच्या जातीला दोष देऊन माणूस मोकळा होतो.

साबणाची निवड गाडीपेक्षाही, ती जेथे उभी राहते त्या गावच्या धुळीवर आणि पाण्यावर अवलंबून असते. म्हणून एखादे नेमके ठिकाण समोर ठेवून विचार करणे सोयीचे. भिलाईजवळचे हथखोज हे असे ठिकाण आहे. नाव खेड्याचे असले तरी आज ते ऐकताच डोळ्यांपुढे उभी राहते ती औद्योगिक वसाहत. हा मुलूख मराठी माणसाला परका नाही. अठराव्या शतकात छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आले, आणि 1956 पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातून चालत असे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात फेब्रुवारी 1955 मध्ये करार झाला; 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पोलादाच्या त्या कारखान्याभोवती पुढे लहानमोठे उद्योग वाढत गेले. योगायोग असा की, 1959 हेच भारतात ‘सर्फ’ ही कपडे धुण्याची पावडर बाजारात आल्याचे वर्ष. एका परीने या व्याख्यानातली धूळ आणि पावडर, दोन्ही समवयस्क आहेत.

पोलादाचे काम चालते त्या परिसरातील धूळ शेतातल्या मातीसारखी नसते. ग्राइंडरमधून उडणाऱ्या ठिणग्या म्हणजे तापलेले लोखंडाचे कणच होत. असा कण गाडीच्या टपावर पडला तर रंगात किंचित रुतून बसतो आणि दवाचे पाणी मिळताच गंजू लागतो. पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी ठिपके दिसतात ते यामुळे. पत्रा आतून गंजला असे समजून मालक घाबरतो. पण बहुधा गंज वरच्या पाहुण्याचा असतो, घरचा नसतो. याच परिसरात जामुल येथे सिमेंटचा मोठा कारखाना आहे. सिमेंटची भुकटी ओली झाली की तिच्यातून चुन्याची निवळी तयार होते आणि ती तीव्र अल्कधर्मी असते. लोखंडाच्या, वाळूच्या आणि सिमेंटच्या कणांनी भरलेल्या टपावर सकाळी कोरडा फडका फिरवणे म्हणजे रंगावर पॉलिश-कागद घासण्यासारखेच आहे. आजच्या मोटारीवर रंगाच्या वर जे पारदर्शक पुट असते, त्याची जाडी साधारणपणे 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी किंवा त्याहून कमी. जुन्या अॅम्बॅसडर वा फियाटचा रंग घासून घासून पुन्हा उजळवता येई. या पुटाला तशी चैन फार वेळा परवडत नाही.

यावरून साबणाचे पहिले काम कोणते ते ठरते. मळ विरघळवणे हे त्याचे दुसरे काम. पहिले काम आहे ते कणाला वंगण देण्याचे: कण आणि रंग यांच्यामध्ये निसरडा पडदा राहावा, म्हणजे कण ओरखडा न काढता घसरून निघून जाईल. कपड्याच्या पावडरीकडून असली अपेक्षा कोणी केलेलीच नसते. धाग्यात शिरलेला घाम आणि तेल उपसून काढणे हे तिचे काम, आणि ते ती उत्तम करते. दुसऱ्याच कामासाठी घडवलेली वस्तू येथे आणली जाते, एवढाच तिचा दोष.

आता पाण्याकडे वळू. खरा साबण म्हणजे तेल किंवा चरबी आणि दाहक सोडा यांच्यापासून बनलेला मेदाम्लाचा क्षार. सुफेन पाण्यात त्याचा फेस सुरेख होतो. पण पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असेल तर साबण आधी त्यांच्याशी संयोग पावतो आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. न्हाणीघरातील बादलीच्या कडेला जमणारे राखाडी वलय ते हेच. दुर्गच्या आसपासचा प्रदेश चुनखडीचा आहे. भिलाईच्या कारखान्याला चुनखडी पुरवणारी नंदिनीची खाण याच जिल्ह्यातली. अशा खडकातून वर येणारे कूपनलिकेचे पाणी दुष्फेन असण्याचा संभव मोठा. ते ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही आणि ज्याने गीझरच्या कांबीवर पांढरी खपली धरते, ते पाणी दुष्फेन. खात्री करायची तर बाटलीत थोडे पाणी घेऊन त्यात अंगाच्या साबणाचा कीस टाकावा आणि बाटली हलवावी. फेसाऐवजी दह्यासारख्या गुठळ्या आल्या तर शंका उरत नाही. असे पाणी असलेल्या घरी अंगाचा साबण किंवा कपड्यांची साबणवडी गाडीला लावणे व्यर्थ. साका काचेवर आणि रंगावर बसतो, तो काढण्यासाठी अधिक घासावे लागते, आणि घासणे हेच तर टाळायचे असते.

साबणाची ही अडचण आणि पहिल्या महायुद्धातील चरबीची टंचाई यांतून जर्मनीत 1916 च्या सुमारास कृत्रिम क्षालकांचा शोध सुरू झाला. बाजारात ज्यांना डिटर्जंट म्हणतात आणि पाठ्यपुस्तकात अपमार्जक, ती ही द्रव्ये. दुष्फेन पाण्यात ती साबणासारखी फसत नाहीत. मग डिटर्जंट पावडरच का वापरू नये? कारण पावडरीच्या पुड्यात केवळ अपमार्जक नसतो. धुण्याचा सोडा हा तिचा मोठा भाग असतो. काहींत सिलिकेटे, विरंजक आणि कपडा शुभ्र भासवणारी द्रव्येही असतात. 1969 मध्ये अहमदाबादेत सुरू झालेल्या ‘निरमा’ने पावडर सामान्य घराच्या आवाक्यात आणली, त्या स्वस्ताईतही सोड्याचा वाटा होता. सोड्यामुळे द्रावणाचा सामू 10 च्या आसपास किंवा त्याहूनही वर जातो. एका धुण्याने रंग उडत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मात्र गाडीवर चढवलेला मेणाचा थर प्रत्येक वेळी झिजतो, अॅल्युमिनियमची चाके काळवंडतात, आणि न विरघळलेले खडे फडक्याखाली सापडून रंगावर वर्तुळाकार रेघा उमटवतात. दरवाज्याच्या सांध्यांत राहिलेली पावडर तर कित्येक दिवस तेथेच मुरते.

साबण अल्कधर्मी आहे की नाही, हे पाहण्याचे साधन प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात आहे. हळद आणि चुना यांपासून कुंकू होते, त्याच तत्त्वावर ही परीक्षा चालते. हळद पाण्यात कालवून ती पांढऱ्या शोषक कागदावर लावावी व कागद वाळवावा. मग साबणाचे पातळ द्रावण करून त्याचा एक थेंब कागदावर सोडावा. डाग तांबूस झाला तर द्रावण अल्कधर्मी. पिवळा पिवळाच राहिला तर ते उदासीन किंवा किंचित आम्लधर्मी. ही परीक्षा ढोबळ आहे. तरीही बाटलीवरच्या चित्रापेक्षा ती अधिक खरे बोलते.

भांड्यांची वडी या विचारातून सरळ बाद होते, कारण तिच्यात घासण्यासाठीच खनिजाची भुकटी घातलेली असते. भांड्यांचे पातळ साबण मात्र बरेचदा या हळदीच्या परीक्षेत उत्तीर्ण होते आणि म्हणूनच अनेकांना ते निर्धोक वाटते. त्याचा सामू सौम्य असतो हे खरे. परंतु तूप-तेल ओढून काढण्यासाठी त्याची घडण झालेली असल्यामुळे मेणाचा थरही ते पातळ करते. एखाद्या वेळी, गाडीवर वंगण सांडले असता, त्याचा उपयोग करावा. दर आठवड्याला नको. केसांच्या साध्या शांपूचेही तसेच आहे, आणि केस मऊ करणारी द्रव्ये असलेला शांपू काचेवर ओशट पडदा सोडतो.

रिठ्याविषयी दोन शब्द बोलणे भाग आहे, कारण नैसर्गिक वस्तू निरुपद्रवी असते हा समज पुन्हा बळावला आहे. दागिने आणि रेशमी वस्त्रे रिठ्याने धुण्याची आपली परंपरा शहाणपणाची आहे. रिठ्यातील सॅपोनिन नावाचे द्रव्य दुष्फेन पाण्यातही फेस धरते आणि त्याचे द्रावण आम्लाकडे झुकते, म्हणजे सोड्याचा धोका नाही. पण तेलकट मळापुढे ते दुबळे पडते, नीट गाळले नाही तर सालीचे कण फडक्याखाली येतात, आणि तपकिरी पाण्याचे ओघळ वाळले की गाडी धुतल्यासारखी वाटत नाही. शिवाय हेच सॅपोनिन माशांना विषारी असते; मासे मारण्यासाठी रिठ्याचा उपयोग काही ठिकाणी होत आला आहे.

राहता राहिला तो खास मोटारीसाठी बनवलेला शांपू. अनेकांना तो श्रीमंती शोक वाटतो. पण हिशेब केला तर एका बादलीला तो झाकणभर लागतो आणि बाटली अनेक महिने पुरते. ‘उदासीन सामू’ असा उल्लेख बाटलीवर असावा. दुष्फेन पाण्यात चालतो असे लिहिले असेल तर हथखोजसारख्या ठिकाणी तो अधिक चांगला. धुताना मेणही चढते अशी जाहिरात करणाऱ्या प्रकारावर फार विसंबू नये. ते मेण नावापुरते असते. फेसाच्या उंचीवरून गुणवत्ता मोजण्याचा मोहही टाळावा. बोटांत घेतलेले द्रावण निसरडे लागते की नाही, ही अधिक उपयोगी खूण.

उत्तम शांपूही चुकीच्या बादलीत वाया जातो. पुष्कळ शहरांत पहाटे गाड्या पुसणारा माणूस एकच बादली आणि एकच फडका घेऊन दहा गाड्या उरकतो. दहाव्या गाडीला आधीच्या नऊ गाड्यांची वाळू लागते. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्याला मिळणारा मोबदला तेवढ्याच वेळाचा असतो. घरी धुणाऱ्याने प्रथम नुसत्या पाण्याने गाडी भरपूर भिजवावी व सुटी धूळ वाहू द्यावी. सिमेंटची भुकटी असेल तर हा टप्पा अधिकच लांबवावा. मग एका बादलीत शांपू आणि दुसरीत साधे पाणी ठेवून, फडका प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खळबळून मगच शांपूत बुडवावा. टपापासून खाली यावे, चाके अखेरीस, आणि त्यांचा फडका वेगळा. जुन्या बनियनच्या चिंध्यांपेक्षा मायक्रोफायबरचा जाड फडका बरा, कारण त्याच्या तंतूंत कण आत ओढले जातात. दुर्ग-भिलाईचा उन्हाळा 40 अंशांच्या पुढे जातो. तापलेल्या पत्र्यावर शांपू वाळतो आणि दुष्फेन पाण्याचे पांढरे ठिपके उमटतात. म्हणून सूर्य वर येण्यापूर्वी, सावलीत, आणि लगेच टिपून कोरडे करणे आवश्यक.

नारिंगी ठिपके मात्र कोणत्याच शांपूने जात नाहीत. नखाने खरवडणे किंवा फरशी धुण्याचे आम्ल लावणे, हे दोन्ही उपाय रोगापेक्षा वाईट. लोखंडाचे कण विरघळवणारे वेगळे द्रावण मिळते. त्यातील थायोग्लायकोलेट लोखंडाशी संयोग पावून जांभळे ओघळ दाखवते. केस कुरळे करण्याच्या औषधातही हेच द्रव्य असते, त्यामुळे त्याच्या उग्र वासाने दचकू नये. ते गार पत्र्यावर, हातमोजे घालून लावावे, वाळू न देता धुऊन टाकावे आणि त्यानंतर मेणाचा नवा थर द्यावा. वर्षातून दोन वेळा हे पुरेसे होते.

हातमोज्यांचा उल्लेख आलाच आहे तर सोड्याच्या पावडरीत रोज हात बुडवणाऱ्याचाही विचार व्हावा. जे द्रावण मेण काढून टाकते ते कातडीवरचा नैसर्गिक ओशटपणाही काढते. बोटांना भेगा पडतात आणि हिवाळ्यात त्या चिघळतात. गाडी दुसऱ्याकडून धुऊन घेणाऱ्या मालकाने शांपूची बाटली आणि दोन बादल्या स्वतः पुरवणे म्हणूनच योग्य. उरलेले पाणी कोठे जाते तेही पाहण्यासारखे आहे. या परिसरातील नाल्यांचे पाणी खारून आणि शिवनाथ या नद्यांकडे वाहते, आणि खारून शिवनाथला व शिवनाथ महानदीला मिळते. 1950 नंतरच्या काळात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर तरंगू लागले होते, कारण त्या वेळचे अपमार्जक जीवाणूंना पचत नसत. 1965 च्या सुमारास तेथील कारखान्यांना ते बदलावे लागले. आजचे अपमार्जक पचतात, पण त्यांना वेळ आणि प्राणवायू लागतो. उघड्या गटारापेक्षा गवत असलेल्या जमिनीवर, विहीर किंवा कूपनलिकेपासून दूर गाडी उभी करून धुतली तर दोन बादल्यांचे पाणी मातीत जिरते. उघडी सोडलेली नळी मात्र मिनिटाला दहा लिटर पाणी सहज सांडते, आणि एवढे पाणी गटार गाठल्याशिवाय राहत नाही.