वहीत शेवटी, घरात आधी



मला पाच मिनिटं मिळाली आहेत. तेवढ्यात एक समीकरण सोडवते. घाबरू नका, फळ्यापाशी कोणाला बोलावणार नाही.

आपल्या सिलिंडरमध्ये मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. ब्यूटेन घेऊ. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ४ अणू, हायड्रोजनचे १०. पूर्ण जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. बाईंनी क्रम घोटून घेतला होता : आधी कार्बन, मग हायड्रोजन, ऑक्सिजन शेवटी. म्हणजे कार्बन डायऑक्साइडचे ४ रेणू, पाण्याचे ५. ऑक्सिजनचे अणू झाले १३, आणि तो तर जोडीनं येतो. साडेसहा रेणू कसे लिहायचे? म्हणून सगळ्याची दुप्पट : २ ब्यूटेन, १३ ऑक्सिजन, ८ कार्बन डायऑक्साइड, १० पाणी.

चाचणीत हा साडेसहाचा घोळ टाळायला मी पाण्याच्या सूत्रातच ऑक्सिजनचा एक अणू वाढवला. दोन्ही बाजू जुळल्या! बाईंनी शून्य दिला. म्हणाल्या, "अगं, हे पाणी राहिलं नाही, हायड्रोजन परॉक्साइड झालं. पुढचे आकडे आपले, खालचे निसर्गाचे."

पुढे मी इंजिनिअर झाले, आणि हे सगळं विसरले.

काही वर्षांपूर्वीची डिसेंबरातली सकाळ. आमच्या बाथरूममध्ये गॅस गीझर होता. झरोक्यातून गार वारा येतो म्हणून मीच त्याला पुठ्ठा लावून चिकटपट्टी मारली होती. लेक आंघोळीला गेली, ती बराच वेळ बाहेर येईना. हाका मारल्या. कडी काढून ती दारातच बसली. डोकं जड, मळमळ. मला वाटलं, पित्त झालं असेल. तिला गॅलरीत आणलं, गीझर बंद केला आणि दवाखाना गाठला. डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न : "गीझर आत आहे का?" तिला ऑक्सिजन लावला. संध्याकाळपर्यंत ती बरी झाली.

त्या रात्री मी कागद घेतला. २ ब्यूटेन, पण ऑक्सिजन १३ ऐवजी ९. उजवीकडे ८ कार्बन मोनॉक्साइड, १० पाणी. मोजून बघा, तंतोतंत जुळतं. मला भीती वाटली ती याचीच. ऑक्सिजन कमी पडला म्हणून निसर्गाचं समीकरण अडत नाही. तो खालचा आकडा बदलतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो.

हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के. म्हणजे एक भाग ब्यूटेन नीट जळायला सुमारे ३१ भाग हवा हवी. माझ्या पुठ्ठ्यानं तीच अडवली होती.

तेव्हा घरी गेल्यावर एवढं करा. झरोका उघडा आहे का बघा. गॅस गीझर आत असेल तर बाहेर बसवून घ्या. ज्योत निळी न राहता पिवळी दिसू लागली, तर मेकॅनिकला बोलवा.

बाई, तुम्ही आज समोर बसला आहात, म्हणून सांगते. तो शून्य मला तेव्हा फार लागला होता. वहीत ऑक्सिजन शेवटी मोजायचा, हे तुम्ही शिकवलंत. घरात तो सगळ्यात आधी मोजायचा, हे मला उशिरा कळलं; पण कळलं ते तुमच्याच समीकरणानं.